नोटिशीत नुसतं ‘बौद्धिक संपदा’ लिहिलंय, आता काय करायचं?

प्रश्न असा आला आहे: “अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचे बारा माग आहेत. जकार्ड चादर आणि थोडे टॉवेल. चार दिवसांपूर्वी एका मोठ्या कारखान्याच्या वकिलाची नोटीस आली. ‘आपण आमच्या अशिलाच्या बौद्धिक संपदेचे उल्लंघन केले आहे. मोराच्या डिझाइनच्या चादरींचे उत्पादन सात दिवसांत थांबवावे व पाच लाख रुपये नुकसानभरपाई द्यावी.’ मोर आमच्याकडे आजोबांच्या काळापासून विणला जातो. वडिलांनी घाबरून मोराचे चार माग बंद ठेवलेत. दुसरीकडे एक एजंट म्हणतो, तीस हजारांत ‘कम्प्लीट आयपी’, म्हणजे सगळी बौद्धिक संपदा, करून देतो, मग नाव, डिझाइन आणि ‘सोलापुरी’ हा शब्द, सगळं कायद्यानं तुमचं. करू का?”

आधी वडिलांना एवढं सांगा. वकिलाची नोटीस हा कोर्टाचा हुकूम नसतो. तिच्यातली सात दिवसांची मुदत पाठवणाऱ्यानं स्वतः घातलेली आहे, कुठल्या कायद्यात ती नाही. पण नोटीस कपाटात ठेवून गप्पही बसायचं नाही. उद्या ते कोर्टात गेले तर ‘कळवूनही यांनी दखल घेतली नाही’ हे दाव्याच्या पहिल्याच पानावर येईल. उत्तर द्यायचं, मुदतीच्या आत द्यायचं आणि ते कसं द्यायचं ते पुढे सांगते.

सोलापुरात मी तेवीस वर्षं ट्रेडमार्क आणि डिझाइनची कामं करते. तुमची नोटीस मी पाहिलेली नाही, त्यांची चादरही पाहिलेली नाही. त्यामुळे तुम्ही बरोबर की ते, हे मी इथून सांगू शकणार नाही. मात्र तुम्ही उतरवलेला मजकूर जर पूर्ण असेल, तर त्या नोटिशीत सगळ्यात महत्त्वाचीच गोष्ट नाही. नेमका कुठला हक्क मोडला, हे कुठेही लिहिलेलं नाही. ‘बौद्धिक संपदा’ म्हटलं की काहीतरी भारदस्त आणि सरकारी शिक्का मारलेलं असणार असं वाटतं, आणि माणूस घाबरून माग बंद करतो. तुमच्या घरी तेच झालंय. एजंटही त्याच शब्दाच्या जोरावर तीस हजार मागतोय. नोटीस आणि एजंट हे तुम्हाला दोन वेगळे प्रश्न वाटतात, पण दोन्हींच्या मुळाशी हाच एक शब्द आहे.

आपल्या देशात ‘बौद्धिक संपदा कायदा’ नावाचा कायदाच नाही. कॉपीराइटचा कायदा १९५७ चा, पेटंटचा १९७०चा, ट्रेडमार्कचा १९९९चा, डिझाइनचा २००० चा. भौगोलिक मानांकनाचा, म्हणजे आपण ज्याला जीआय म्हणतो त्याचा, कायदा १९९९चा आणि तो २००३ पासून लागू आहे. शेतकऱ्यांच्या आणि पैदासकारांच्या वाणांसाठी २००१चा वेगळा कायदा आहे. या सगळ्यांचा जन्म वेगळ्या गरजेतून झाला. कशाला संरक्षण, किती वर्षं, नोंदणी लागते की नाही, दाद कुठे मागायची, यातलं जवळजवळ काहीच एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही. कॉपीराइटला नोंदणी सक्तीची नाही. डिझाइनचा हक्क मात्र नोंदणीशिवाय जन्मालाच येत नाही. पेटंट वीस वर्षांत संपतं, तर ट्रेडमार्क दर दहा वर्षांनी नूतनीकरण करत राहिलात तर नातवंडांपर्यंत चालतो.

मग हे सगळं एका नावाखाली आलं कसं? १८८३च्या पॅरिस करारात ‘औद्योगिक मालमत्ता’ हा शब्द होता आणि त्यात पेटंट, डिझाइन, व्यापारचिन्हं येत. लेखक-चित्रकारांसाठी १८८६चा बर्नचा करार वेगळा होता. पुढे १९६७ साली स्टॉकहोममध्ये जागतिक बौद्धिक संपदा संघटना स्थापन करायचा करार झाला आणि ही दोन्ही घरं एका नावाखाली आली. १९९५ साली जागतिक व्यापार संघटनेबरोबर बौद्धिक संपदेवरचा ट्रिप्स करार लागू झाला, तेव्हापासून हा शब्द वर्तमानपत्रांत, धोरणांत, कॉलेजांच्या परिसंवादांत रुळला. मुंबईत अँटॉप हिलला ट्रेडमार्कची नोंदणी जिथे होते त्या इमारतीचं नावच ‘बौद्धिक संपदा भवन’ आहे. इमारतीच्या पाटीवर किंवा परिसंवादाच्या बॅनरवर हा शब्द ठीक आहे, माझी त्याला हरकत नाही. पण कुणावर आरोप करायचा असेल, कुणाकडून पैसे घ्यायचे असतील, तर तिथे हा शब्द पुरत नाही.

अडचण ‘संपदा’ या शब्दातही आहे. आपल्या डोळ्यांपुढे लगेच जमीन येते. जमीन एकाची असली की दुसऱ्याची नाही, आणि ती कायमची असते. पण जमिनीच्या वादात कुणी ‘तुम्ही आमच्या संपदेवर अतिक्रमण केलंय’ एवढंच लिहून थांबत नाही. गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, सातबारा सगळं जोडतो, कारण नाहीतर तलाठीसुद्धा विचारेल की बाबा, कुठली जमीन? इथे तर हा प्रश्न जास्तच जोरात विचारायला हवा. इथला हक्क दिसत नाही, त्याला बांध नाही आणि त्यातले बरेचसे हक्क ठरावीक वर्षांनी संपतात.

आता तुमचा मोर. त्यावर मी जरा जास्त थांबणार आहे, कारण सोलापूरच्या धंद्यात सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत.

चादरीवरचं डिझाइन कसं उतरतं ते तुम्हाला मी सांगायला नको. डिझाइनर आधी चित्र काढतो, मग ते ग्राफवर चौकटी भरून उतरवतो, त्यावरून पंचिंगवाला कार्डं पंच करतो, कार्डांची माळ जकार्डवर, म्हणजे मागावरच्या नक्षी उमटवणाऱ्या यंत्रावर, चढते आणि मग मोर कापडावर येतो. आता काहींकडे इलेक्ट्रॉनिक जकार्ड आलं, तिथे कार्डाच्या जागी फाइल असते. या एका साखळीवर दोन वेगवेगळे कायदे लागू होऊ शकतात.

कागदावरचं मूळ चित्र ही कलाकृती आहे. तिला कॉपीराइट मिळतो, तोही नोंदणीशिवाय, आणि तो चित्रकाराच्या हयातीनंतर साठ वर्षं टिकतो. हे ऐकलं की कारखानदार खूश होतात. पण त्याच कॉपीराइट कायद्याचं कलम १५ आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं, आणि मला वाटतं चादर-टॉवेलच्या धंद्यासाठी त्या कायद्यातलं सगळ्यात मोलाचं कलम तेच आहे. ते असं सांगतं: एखादं डिझाइन डिझाइन कायद्याखाली नोंदवता येण्यासारखं असेल, पण मालकानं ते नोंदवलं नसेल, तर त्या डिझाइनची वस्तू त्यानं किंवा त्याच्या परवानगीनं कारखान्यात पन्नासपेक्षा जास्त वेळा तयार झाली की त्या डिझाइनमधला कॉपीराइट संपतो. आणि डिझाइन नोंदवलं असेल तर कॉपीराइट मुळातच उरत नाही, जो काही हक्क असेल तो डिझाइन कायद्याचा.

पन्नास चादरी! एखादं डिझाइन चाललं की पहिल्याच ऑर्डरला पन्नासचा आकडा मागे पडतो. म्हणजे ‘हे चित्र आमचं आहे, साठ वर्षं कॉपीराइट आहे’ असं म्हणत चादरी विणणाऱ्याच्या हातात, नोंदणी केली नसेल तर, चादरीपुरतं काहीच उरलेलं नसण्याची शक्यता मोठी आहे. हे मी मनानं सांगत नाही. सोफ्याच्या कापडावरच्या डिझाइनवरून मायक्रोफायबर्स विरुद्ध गिरधर असा खटला दिल्ली उच्च न्यायालयात चालला. २००९ साली खंडपीठानं हेच सांगितलं की कापडावर लावण्यासाठीच केलेलं डिझाइन नोंदवलं नाही आणि पन्नासच्या वर उत्पादन झालं, तर कॉपीराइटचा आधार घेता येत नाही. अशी सीमारेषेवरची प्रकरणं कशी तपासायची यावर सर्वोच्च न्यायालयानंही एप्रिल २०२५ मध्ये क्रायोगॅस विरुद्ध आयनॉक्स या खटल्यात निकाल दिला आहे. ते प्रकरण टँकरच्या यंत्रसामग्रीच्या ड्रॉइंगचं होतं, पण कलम हेच. तुमच्या वकिलांना हे दोन्ही निकाल वाचायला सांगा.

म्हणून तुमच्या बाबतीत पहिला खरा प्रश्न हा: समोरच्या कारखान्याकडे मोराच्या त्या डिझाइनची नोंदणी आहे का? असेल तर नंबर काय आणि तारीख काय? पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर डिझाइनचा शोध मोफत घेता येतो. नंबर मिळाला तर नोंदणीतलं चित्र उघडा आणि तुमची चादर शेजारी ठेवून बघा. ‘मोर’ या कल्पनेवर कुणाची मालकी नसते. नोंदणी होते ती त्या विशिष्ट मोराची: पिसारा असा, काठ असा, मधला चौक असा. तुमचा मोर मान वळवून उभा असेल आणि त्यांचा नाचत असेल, तर बोलणं बऱ्याच अंशी तिथेच संपतं.

दोन्ही मोर सारखेच निघाले तर मात्र तारखा महत्त्वाच्या. डिझाइन नवीन असेल, आधी कुठे प्रसिद्ध झालेलं नसेल, तरच त्याची नोंदणी टिकते. नोंदणीच्या अर्जाआधी तेच डिझाइन बाजारात होतं हे तुम्ही दाखवू शकलात, तर ती नोंदणी रद्द होऊ शकते आणि दाव्यात तोच तुमचा बचावही होतो. ‘आजोबांपासून विणतोय’ हे तुमचं वाक्य इथे कामाला येईल, पण नुसतं तोंडी चालणार नाही. जुनी बिलं, डिझाइन नंबर लिहिलेली ऑर्डरबुकं, व्यापाऱ्याला पाठवलेले नमुने, पंचिंगवाल्याच्या पावत्या, जुन्या प्रदर्शनातले फोटो, कुणाच्या लग्नाच्या अल्बममध्ये पाठीमागे दिसणारी चादरसुद्धा. माझ्याकडच्या एका प्रकरणात निर्णायक ठरली ती एका व्यापाऱ्याकडे पडून असलेली नमुन्यांची वही. तिच्यात कापडाचा तुकडा टाचलेला होता आणि बाजूला शाईनं तारीख.

याच नियमाची दुसरी बाजू कारखानदारांना फार महागात पडते, आणि ते पाहताना मला खरंच वाईट वाटतं. लोक नवं डिझाइन आधी प्रदर्शनात मांडतात, व्हॉट्सॲपवर व्यापाऱ्यांच्या ग्रुपला फोटो टाकतात, गड्ड्याच्या यात्रेच्या आसपास विक्री करून बघतात, आणि चाललं तर माझ्याकडे येतात: मॅडम, आता नोंदवून टाकू. तोवर डिझाइन जगजाहीर झालेलं असतं. तुम्हीच ते आधी प्रसिद्ध केलेलं असतं. परीक्षकाच्या नजरेतून निसटून नोंदणीचं प्रमाणपत्र मिळालं, तरी समोरचा वकील सगळ्यात आधी तोच फोटो पुढे करतो. तुमच्या नोटीस पाठवणाऱ्यानंही हेच केलं असेल का, हे तपासायलाच हवं.

आता अवघड भाग. वडिलांशी बसून खरं काय ते बोला. मोर आजोबांचा आहे हे मान्य. पण सध्या मागावर चढलेली कार्डं आजोबांच्या मोराची आहेत, की दोन वर्षांपूर्वी बाजारातून त्यांची चादर आणून तिच्यावरून काढलेली? आपल्याकडे हे होतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही, पण तुमच्या वकिलाला ते पहिल्या दिवशी कळलं पाहिजे. ‘वीस टक्के बदल केला की चालतं’ हे वाक्य मी जवळपास प्रत्येक आठवड्याला ऐकते. असा टक्क्यांचा नियम कुठल्याही कायद्यात नाही. डिझाइन कायदा ‘उघड किंवा लबाडीचं अनुकरण’ बघतो, आणि ते नजरेनं ठरतं: दोन्ही वस्तू बघणाऱ्याला एकच वाटतात का? पट्टीनं मोजून टक्के काढून कुणी सुटत नाही. कार्डं त्यांच्या चालू नोंदणीच्या चादरीवरून काढलेली असतील, तर माझा सल्ला वेगळा राहील: तो माल थांबवा, शिल्लक किती आहे ते मोजा आणि बोलणी करा.

अजून एक शक्यता आहे आणि ती मी दोनदा पाहिली आहे. एकाच स्वतंत्र डिझाइनरनं तेच ग्राफ थोड्या अंतरानं दोन कारखान्यांना दिलेलं असतं. दोघेही प्रामाणिकपणे म्हणतात, आमचं आहे, आम्ही पैसे मोजलेत. अशा वेळी ‘संपदा कुणाची’ हा प्रश्न विचारून उत्तर मिळत नाही, कारण दोन कायदे दोन उत्तरं देतात. कॉपीराइट कायद्यात असं ड्रॉइंग स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या डिझाइनरनं काढलं, तर साधारणपणे पहिला मालक तोच असतो. तुम्ही पैसे दिलेत तरी लेखी हस्तांतरण लागतं. डिझाइन कायद्यात मात्र ज्याच्यासाठी मोबदला घेऊन काम केलं, तोच मालक धरला जातो. कागद एकच आणि एका कायद्यानं तो एकाचा, दुसऱ्यानं दुसऱ्याचा. ‘बौद्धिक संपदा’ असं एकच गाठोडं बांधलं की हा फरक त्यात दबून जातो. पुढच्या वेळी डिझाइनरला पैसे देताना साध्या कागदावर दोन ओळी लिहून सही घ्या, की या डिझाइनचे सर्व हक्क कारखान्याकडे दिले.

इथवरचं थोडक्यात: नोंदणी नसेल तर चादरीच्या डिझाइनवर त्यांचा दावा बहुधा कमकुवत. नोंदणी असेल तर त्यांचं चित्र, तारीख आणि तुमचे जुने पुरावे. आणि तुमची कार्डं कुठून आली, त्याचं खरं उत्तर.

पाच लाखांच्या आकड्याकडेही नीट बघा. डिझाइन कायद्याच्या कलम २२ मध्ये दोन वाटा आहेत. एका वाटेनं प्रत्येक उल्लंघनामागे जास्तीत जास्त २५,००० आणि एका डिझाइनमागे एकूण ५०,००० रुपयांची मर्यादा आहे. दुसऱ्या वाटेनं नुकसानभरपाईचा दावा आणि मनाई हुकूम मागता येतो, पण तिथे नुकसान सिद्ध करावं लागतं. दावा जिल्हा न्यायाधीशाच्या खालच्या कोर्टात चालत नाही, आणि ‘त्यांची नोंदणीच रद्द होण्यासारखी आहे’ असा बचाव तुम्ही घेतलात की तो उच्च न्यायालयाकडे जातो. उच्च न्यायालय म्हणजे आपल्याला पूर्वी मुंबईच होती. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय आणि सोलापूर जिल्हा त्यात आहे, हा आपल्या लोकांना मोठाच दिलासा आहे. सांगायचा मुद्दा, नोटिशीतला आकडा हा मागणीचा आकडा आहे.

आता ‘सोलापुरी’ या शब्दाबद्दल. एजंट जर म्हणत असेल की हा शब्द तुमच्या नावावर करून देतो, तर त्याच्याशी बोलणं तिथेच थांबवा. ‘सोलापूर चादर’ आणि ‘सोलापूर टेरी टॉवेल’ ही दोन्ही नावं जीआय म्हणून नोंदलेली आहेत, अगदी सुरुवातीच्या दहा अर्जांमधली. दार्जिलिंग चहाच्या पाठोपाठ आपला नंबर लागला याचा मला आजही अभिमान वाटतो. पण जीआय हा कुणा एका कारखान्याचा हक्क नसतो. तो त्या भागात, ठरलेल्या पद्धतीनं माल करणाऱ्या सगळ्यांचा. नोंदणी संस्थेच्या नावे असते, आणि तुमच्यासारखा प्रत्येक उत्पादक ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतःची नोंद करून घेऊ शकतो. हा हक्क विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, कुणाला भाड्यानं देता येत नाही. कायद्यानंच तशी मनाई केली आहे. ज्याला आपण संपदा म्हणतो ती विकताच येत नाही म्हटल्यावर, तिला जमिनीसारखी समजणं किती चुकीचं आहे ते बघा.

जीआयच्या बाबतीतला मोठा घोळ २०२५च्या जूनमध्ये सगळ्या देशानं पाहिला. मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि ‘कोल्हापूरची बौद्धिक संपदा चोरली’ असा गजर झाला. कारागिरांचं नावही घेतलं गेलं नाही याचा राग रास्तच होता, मलाही आला. प्राडानं नंतर भारतीय कारागिरीची प्रेरणा मान्य केली. पण कायद्याच्या बाजूनं बघितलं तर जीआय मुख्यतः नावाचं रक्षण करतो. चपलेचा आकार, वेणी, अंगठा याच्यावर तो एकाधिकार देत नाही, आणि त्या चपला कोल्हापुरी म्हणून दाखवलेल्या नव्हत्या. मुंबई उच्च न्यायालयात गेलेली जनहित याचिकाही जुलैमध्ये फेटाळली गेली, कारण दाद मागायची ती ज्यांच्या नावे नोंदणी आहे त्यांनी.

हेच आपल्या चादरीला लावा. पानिपतला कुणी जकार्डवर जाड सुती चादर विणली तर तो गुन्हा नाही. तीच चादर ‘सोलापुरी’ म्हणून विकली तर मात्र जीआयचा भंग. आणि समोरचा कारखाना सोलापुरातलाच असेल, तुम्हीही सोलापुरातले, तर ‘सोलापुरी चादर’ लिहिल्याबद्दल तो एकटा तुम्हाला अडवू शकत नाही. मला खंत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. बाहेरच्या मालाबद्दल तावातावानं बोलणारे कारखानदार माझ्याकडे येतात, आणि ‘तुम्ही अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद केलीत का’ विचारलं की बहुतेकांना असं काही असतं हेच माहीत नसतं. एकजुटीनं वापरायचा हक्क आपण नुसता भाषणात वापरतो.

कारखान्याच्या नावाचं थोडक्यात सांगते, कारण ते सोपं आहे. नावासाठी ट्रेडमार्क. ट्रेडमार्कसाठी मालाचे वर्ग पाडलेले असतात, त्यात चादर आणि टॉवेल वर्ग २४ मध्ये येतात. छोट्या उद्योगाला आणि एकट्या व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गाला ४,५०० रुपये आहे. ‘नावाचा कॉपीराइट काढला’ असं लोक म्हणतात, तसं काही नसतं. लेबलवरच्या चित्राला कॉपीराइट असू शकतो, नावाला नाही. अर्जाचा नंबर मिळाला म्हणजे नोंदणी झाली असंही नाही. तोवर फक्त टीएम लिहायचं, गोलातला आर छापायचा नाही, कारण नोंदणी नसताना तो छापणं कायद्यानं दंडनीय आहे. एजंट अर्ज भरतात, ‘झालं’ म्हणतात आणि दोन वर्षांनी आलेली हरकत कुणी बघतच नाही, अशी कितीतरी प्रकरणं माझ्या टेबलावर येतात. नाव तुम्ही जुन्या काळापासून वापरत असाल तर त्याची बिलं सांभाळा. नंतर येऊन नोंदणी करणाऱ्यापेक्षा आधीपासून वापरणाऱ्याला कायदा संरक्षण देतो.

पेटंटचा तुमच्याशी सध्या संबंध नाही. शेंगा चटणीच्या डब्यावर ‘पेटंट रेसिपी’ छापलेलं मी पाहिलंय आणि त्या कुटुंबाला ते काढायलाही लावलंय. हाताला असलेली चव गुप्त ठेवता येते, ब्रँडला ट्रेडमार्क मिळतो, पण घरोघरी होणाऱ्या चटणीला पेटंट मिळत नाही.

आता उत्तराकडे. तुमच्या वकिलाकडून, त्यांच्या लेटरहेडवर, सभ्य भाषेत साधारण असा मजकूर जाऊ द्या: “आपल्या नोटिशीत कोणत्या कायद्याखालील कोणत्या हक्काचे उल्लंघन झाले याचा उल्लेख नाही. कृपया कायदा, नोंदणी क्रमांक, नोंदणीचा दिनांक, नोंदणीकृत चित्राची प्रत आणि आमच्या कोणत्या मालाशी तुलना केली ते कळवावे. माहिती मिळाल्यावर आम्ही सविस्तर उत्तर देऊ. तोपर्यंत आपले आरोप आम्हास मान्य नाहीत.” एवढंच. आजोबांची गोष्ट, बिलं, कार्डं यातलं काही या पत्रात घालू नका. त्यांचा दावा काय आहे ते आधी कळू द्या. धमकी निराधार निघाली तर तुम्हालाही दाद मागता येते, आणि गंमत म्हणजे तिथेही कॉपीराइट कायद्याचं कलम वेगळं, ट्रेडमार्कचं वेगळं, डिझाइनला पेटंट कायद्यातली तरतूद लागू होते. म्हणूनही त्यांच्याकडून कायद्याचं नाव लेखी घेणं गरजेचं आहे.

एजंटला तीस हजार देऊ नका. त्याच्याकडून हवं तर दरपत्रक मागा, प्रत्येक ओळीत कायद्याचं नाव, सरकारी फी वेगळी, त्याची फी वेगळी. मी तुमच्या जागी असते तर आधी कारखान्याच्या नावाचा ट्रेडमार्क अर्ज केला असता, मग जीआयच्या अधिकृत वापरकर्त्याची नोंद. नवीन डिझाइनपैकी जी खरंच चालतील असं वाटतं ती दोन-तीन, बाजारात एकही फोटो जाण्याआधी नोंदवली असती. छोट्या उद्योगाला डिझाइनच्या अर्जाची सरकारी फी हजार रुपये आहे आणि हक्क दहा वर्षं, वाढवून पंधरा वर्षं मिळतो. प्रत्येक डिझाइन नोंदवत बसू नका. एका मोसमात संपणाऱ्या डिझाइनवर पैसे घालण्यात अर्थ नाही.

राहिले ते चार माग. ऑनलाइन शोधात त्यांच्या नावावर तुमच्यासारखा मोर नोंदलेला दिसला नाही आणि तुमची कार्डं जुनीच आहेत असं वडील खात्रीनं सांगत असतील, तर वकिलाशी बोलून माग सुरू करा. नोंदणी दिसली, तर तुमचा पुरावा हातात येईपर्यंत त्या मागांवर दुसरं डिझाइन चढवा, म्हणजे कामगारांचा रोजही बुडणार नाही. आणि आजोबांच्या वेळच्या कार्डांच्या माळा अजून माळ्यावर पडल्या असतील तर त्या भंगारात देऊ नका. आज संध्याकाळीच खाली काढा, बांधलेल्या दोरीसकट फोटो घ्या, आणि त्यांच्यासोबत पंचिंगची एखादी पावती सापडते का ते बघा.